क्रिस्टलायझेशनचे सिम्युलेशन करून देणारी सेवा : मॉडेल उत्तम, जॅकेटचा मात्र विसर

कुरकुंभ येथील आमच्या कारखान्यात एका इंटरमीडिएटच्या (अंतिम उत्पादनाआधीच्या रसायनाच्या) बॅचमध्ये इतके बारीक स्फटिक येत असत की सेंट्रिफ्यूजचे (फिरवून स्फटिक गाळणाऱ्या यंत्राचे) कापड बुजून जाई. म्हणून बाणेरमधील एका लहान सल्लागार संस्थेकडून आम्ही या प्रक्रियेचे गणिती मॉडेल करून घेतले.

विद्राव्यता आणि मेटास्टेबल झोनची (विद्राव्यतेची मर्यादा ओलांडूनही नवे स्फटिक आपोआप जन्मत नाहीत त्या पट्ट्याची) रुंदी त्यांनी शुद्ध द्रावकात नव्हे, तर आमच्याच मदर लिकरमध्ये (स्फटिक ज्यातून निघतात त्या, अशुद्धी असलेल्या द्रावणात) मोजली, याचे विशेष कौतुक वाटते. अशुद्धींमुळे स्फटिकवाढीचा वेग बदलतो हे सर्वांना ठाऊक असते, पण मोजमापाचा कंटाळा बहुतेकांना असतो.

दोष कुलिंगच्या पद्धतीत निघाला. आम्ही ६० अंशांवरून २० अंशांपर्यंत आठ तासांत एकसारखे थंड करत होतो. सुरुवातीला सीडचे (मुद्दाम टाकलेल्या बीज-स्फटिकांचे) पृष्ठफळ अपुरे असल्याने अतिसंपृक्तता (मर्यादेहून जास्त विरघळलेला पदार्थ) साचून नवे केंद्रक, म्हणजे इवले स्फटिक, भराभर जन्मत. त्यांनी सुचवलेल्या घन वक्रानुसार (तापमानातील घट वेळेच्या घनाच्या प्रमाणात) पहिल्या चार तासांत तापमान जेमतेम पाच अंश उतरते.

पॉप्युलेशन बॅलन्सचे (कोणत्या आकाराचे किती स्फटिक आहेत याचा हिशेब ठेवणारे) समीकरण सोडवताना मात्र त्यांनी साधी प्रथम-क्रमाची अपविंड पद्धत (संगणकावर समीकरण सोडवण्याची ढोबळ रीत) वापरली. सर्व स्फटिक एकाच वेगाने वाढतात असे गृहीत धरले, तर आकारांच्या आलेखातले सीडचे शिखर न पसरता पुढे सरकायला हवे. अहवालातील आलेखात ते चांगलेच पसरलेले होते. आकारमानाचे शंभर भाग केले होते, ते आम्ही चारशे करायला लावल्यावर त्याची रुंदी जवळपास निम्म्यावर आली, म्हणजे तो पसारा स्फटिकांचा नसून आकडेमोडीचा होता. ही गोष्ट ग्राहकाने दाखवून द्यावी लागू नये.

त्याहून मोठी चूक जॅकेटची, म्हणजे रिअॅक्टरभोवतीच्या थंड पाणी खेळवणाऱ्या कवचाची. या वक्राच्या शेवटी ताशी १५ अंश उतार लागतो. एक लिटरच्या भांड्यात तो सहज मिळतो, पण तशाच आकाराच्या तीन हजार लिटरच्या रिअॅक्टरमध्ये दर लिटरमागे जॅकेटचे क्षेत्रफळ सुमारे चौदावा हिस्साच उरते. ही मर्यादा मॉडेलमध्ये घालून नवा वक्र त्यांनी आठवड्याभरात, वेगळे पैसे न घेता दिला. बॅच दोन तासांनी लांबली. कापड आता बुजत नाही.

पायथॉनमधील संपूर्ण कोड त्यांनी हाती दिला. काम देण्यापूर्वी आपल्या जॅकेटची आणि चिल्ड वॉटरची माहिती त्यांना स्वतःहून कळवावी, कारण ते विचारत नाहीत.