मैत्रिणींशी टच ठेवायचाय, तोही स्वस्तात: ग्रुप, कॉल, व्हॉइस नोट की पोस्टकार्ड?

आधी एक सांगते, पैशाचा प्रश्न आता फारसा उरलेलाच नाहीये. एसटीडी बूथमध्ये मीटरकडे बघत बोलायचे दिवस गेले, २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं, २०१६ ला जिओ आलं आणि आता एकदा रिचार्ज मारला की कितीही बोला. त्यामुळे सगळ्यात स्वस्त काय हे शोधत बसण्यापेक्षा कोणत्या मैत्रिणीशी कशाने जमतं ते बघा.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. खर्च शून्य, कष्ट शून्य आणि लोचा तिथेच आहे. वाढदिवसाला एचबीडी आणि केकच्या इमोजींची रांग लागते, पण जिचा वाढदिवस असतो तिचे बाबा आठवडाभर अ‍ॅडमिट आहेत हे कुणालाच माहीत नसतं, कारण अशा गोष्टी पंचवीस जणींसमोर कोण टाकणार! ग्रुप ठेवा, भेटायचं कधी-कुठे हे ठरवायला आणि जुने फोटो टाकायला बरा पडतो, पण ग्रुपवर आहोत म्हणजे टचमध्ये आहोत असं धरून चालू नका.

साधा फोन. माझं मत यालाच. डेटा लागत नाही, अवतार बरा आहे का बघावं लागत नाही, भाजी निवडता निवडता, कपडे घड्या करता करता बोलता येतं. फक्त हल्ली कामाशिवाय कुणी फोनच करत नाही, म्हणून सुरुवातीला समोरची घाबरून "काय गं, सगळं ठीक ना?" असंच विचारणार. एकदा सांगून टाका की काम काही नाही, सहज केला, आणि शक्यतो वार ठरवून घ्या, नाहीतर "करते नंतर" म्हणत दिवाळी येते. गावाकडच्या मैत्रिणीकडे बटणाचा फोन असेल तर डेटा नसलेले, फक्त कॉल-एसएमएसचे पॅकही २०२५ पासून मिळतात, तिला उगाच नेटचे पैसे भरायला नको.

व्हॉइस नोट परदेशातल्या मैत्रिणींसाठी. अमेरिकेच्या ईस्ट कोस्टशी उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक, म्हणजे तुम्ही निवांत होता तेव्हा ती डबे भरत असते. व्हॉइस नोट तिने तिच्या वेळेला ऐकायची, उत्तरही तिच्या वेळेला. पण सहा-सहा मिनिटांची कीर्तनं पाठवलीत तर लोक दुप्पट स्पीडला लावून ऐकतात आणि मधल्या महत्त्वाच्या गोष्टी निसटतात, तेव्हा आटोपशीर बोला.

व्हिडिओ कॉल दिसायला सगळ्यात भारी, जमवायला सगळ्यात अवघड. व्हॉट्सअ‍ॅपवर ३२ जणी एका कॉलवर येऊ शकतात, मीटवर तिघी किंवा जास्त असतील तर फुकटात ६० मिनिटं आणि झूमवर ४०. त्यातली पहिली दहा "आवाज येतोय का" आणि "अगं म्यूटवर आहेस" यातच जातात. दुबईवाली असेल तर लक्षात ठेवा, तिथे व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज चालतात पण कॉल लागत नाही, तिकडचे लोक बोटिम नावाचं अ‍ॅप वापरतात, ते आधीच डाऊनलोड करून ठेवा, ऐनवेळी ओटीपीची वाट बघत बसायला नको. मी तर म्हणते वाढदिवस, डोहाळजेवण असलं काही असेल तेव्हाच व्हिडिओ, एरवी फोन.

पोस्टकार्ड ५० पैशांना, घडी घालून चिकटवायचं आंतरदेशीय पत्र अडीच रुपयाला. हसू नका. उत्तराची अपेक्षा ठेवायची नसेल तर मस्त प्रकार आहे, पिनकोड तेवढा नीट लिहा. रोजच्या गप्पांना अर्थातच निरुपयोगी, आणि पोस्टमनपासून सासूबाईंपर्यंत सगळे वाचणार, तेव्हा खासगी काही असेल तर आंतरदेशीयच घ्या.

आणि प्रत्यक्ष भेट महाग पडते असं वाटत असेल तर एसटीचा विचार करा. मार्च २०२३ पासून राज्यात बायकांना अर्धं तिकीट आहे. एक पुण्यात, एक नाशिकला असेल तर एकमेकींच्या घरी मुक्कामाचा घाट घालण्यापेक्षा दोघींनी साधारण अर्ध्यावर आळेफाट्याला उतरावं, जेवावं, पोटभर बोलावं आणि संध्याकाळच्या गाडीने आपापल्या घरी. फक्त परतीच्या गाडीची वेळ उतरल्या उतरल्या चौकशी खिडकीवर विचारून घ्या, सुट्टीच्या दिवशी गाड्या भरून येतात.