एमजीबी रोडस्टर, 1965 ते 67: रंग नंतर पाहा, आधी सिल

जुनी एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार नव्यासारखी करून विकायला उभी असली की नजर आधी चकाकत्या रंगावर, क्रोमच्या बंपरवर आणि तारांच्या चाकांवर जाते. या तिन्ही गोष्टी पैसे टाकले की होतात. गाडी खरोखर दुरुस्त झाली आहे की नुसती सजवली आहे, हे सिलमध्ये, म्हणजे दारांखालून पुढून मागे जाणाऱ्या पत्र्याच्या पोकळ पट्टीत, कळतं.

त्याला कारण आहे. आधीचं मॉडेल एमजीए स्वतंत्र चॅसीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, उभं होतं. 1962 मध्ये आलेल्या एमजीबीला चॅसीच नाही, बॉडीच सगळा भार उचलते. रोडस्टरला वर पक्कं छप्परही नाही. त्यामुळे पुढचा आणि मागचा भाग जोडून धरायचं काम मुख्यतः दोन्ही बाजूंच्या सिलवर येतं. हा सिल म्हणजे एक पत्रा नव्हे. आतला सिल, मधला उभा पत्रा, बाहेरचा सिल आणि खाली कॅसल रेल (तळाची पोकळ पट्टी), असे चार भाग एकमेकांना वेल्ड केलेले असतात. बाहेरचा सिल पुढे फेंडरच्या आत आणि मागे मडगार्डच्या पत्र्याखाली जातो. म्हणून नीट काम करायचं तर पुढचा फेंडर बोल्ट काढून उतरवावा लागतो आणि मागच्या मडगार्डचा खालचा भाग कापावा लागतो. त्याआधी दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी आधार वेल्ड करणं भाग आहे. तो न देता जुना सिल कापला की बॉडी मध्यात बसते, आणि मग दार कितीही बिजागऱ्या हलवल्या तरी जागेवर येत नाही. घाईचं काम करणारे गंजलेल्या पत्र्यावरच नवा बाहेरचा सिल चढवतात. रंग दिल्यावर ते अजिबात दिसत नाही. आत गंज चालूच राहतो.

तपासणी अर्ध्या तासाची आहे. पुढच्या चाकामागे, फेंडरच्या आत एक छोटा पडदा असतो, तो काढून टॉर्च मारा. चिखल साचायची हीच जागा, आणि सिलचं पुढचं टोक इथेच दिसतं. सिलच्या खालच्या कडेला पाणी निथळायला फटी ठेवलेल्या असतात, त्या अंडरकोटने बुजवल्या असतील तर काम करणाऱ्याला गाडी कळलेली नाही. मग जॅकिंग पॉइंटला (जॅक लावायच्या ठरलेल्या जागेला) जॅक लावून एक बाजू उचला आणि दार उघडमिट करा. दाराची फट बदलली किंवा दार घासलं, तर पुढचं काही बघायची गरज नाही. लोहचुंबक सोबत ठेवा, पण या वर्षांतल्या गाड्यांचं बोनेट ॲल्युमिनियमचं असतं. तिथे चुंबक चिकटला नाही म्हणून पुट्टी समजू नका. दारावर, पुढच्या छोट्या तिकोनी काचेच्या खाली, पत्र्याला चीर जाते. ती नुसती भरून रंगवली तर पुन्हा उघडते.

1965 ते 67 हीच वर्षं का? 1964 च्या शेवटी 1798 सीसी इंजिनाचा क्रँक (पिस्टनच्या हालचालीने फिरणारा मुख्य दांडा) तीनऐवजी पाच बेअरिंगवर आला आणि इंजिन जास्त मऊ आणि टिकाऊ झालं. ताकद साधारण 95 अश्वशक्ती. 1974 च्या शेवटी काळे रबरी बंपर आले आणि अमेरिकी नियमांसाठी गाडी दीड इंच उचलली गेली. त्यात वळणावरची पकड बिघडली. आमच्या मते संग्रहासाठी क्रोम बंपरचीच घ्यावी. 67 च्या शेवटी आलेल्या मार्क टू या सुधारित आवृत्तीपासून पहिल्या गिअरलाही सिंक्रोमेश (गिअर खरखर न करता गुंतवणारी सोय) आलं, त्याआधीच्या गाडीत पूर्ण थांबल्याशिवाय पहिला गिअर टाकू नका. मार्क टूआधीच्या गाड्या मूळच्या पॉझिटिव्ह अर्थच्या असतात, म्हणजे बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं. बॅटऱ्या सहा व्होल्टच्या दोन, सीटच्या मागे. आधीच्या कोणा मालकाने अर्थ बदलला आहे का, हे मीटरने तपासल्याशिवाय रेडिओ किंवा चार्जर जोडू नका.

इग्निशन चालू केलं की मागून टक-टक-टक आवाज येतो, तो एसयू कंपनीचा इलेक्ट्रिक पेट्रोल पंप. दोन्ही कार्ब्युरेटरचे फ्लोट बाऊल (पेट्रोल साठायच्या वाट्या) भरले की तो थांबला पाहिजे. थांबलाच नाही तर टाकी रिकामी, कुठेतरी हवा ओढतोय, किंवा फ्लोटची सुई अडकून पेट्रोल वाहतंय. आवाजच नाही तर पंपाचे पॉइंट जळालेले. कार्ब्युरेटर एसयू एचएस4, दोन. ट्यूनिंग करूनही इंजिन संथ (आयडल) धरत नसेल तर थ्रॉटलचा स्पिंडल, म्हणजे हवेची झडप फिरवणारी छोटी दांडी, हलवून पाहा. तिथे ढिलाई असेल तर हवा आत शिरते, आणि मग कितीही स्क्रू फिरवा, उपयोग नाही.

नव्याने बांधलेल्या इंजिनाचा सगळ्यात मोठा घात पहिल्या वीस मिनिटांत होतो. नवा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि त्यावर टेकणारे टॅपेट असतील तर पहिल्यांदा सुरू केल्यावर इंजिन संथ सोडायचं नाही. साधारण मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या वर, थोडं कमी-जास्त करत, वीस मिनिटं धरायचं. संथ चाललं तर कॅमवर तेल कमी उडतं आणि त्याचे लोब (उंचवटे) घासले जातात. तेल 20डब्ल्यू-50, झिंक असलेलं. रनिंग-इन (इंजिन सुरुवातीला सावकाश रुळवणं) कसं केलं हे विक्रेत्याला विचारा. उत्तर अडखळत आलं तर व्हॉल्व्ह कव्हर उघडून प्रत्येक व्हॉल्व्ह किती उचलला जातो ते मोजून घ्या.

तारांच्या चाकांची खोट हबच्या स्प्लाइनमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या खाचेदार दात्यांमध्ये. रिव्हर्स घेऊन पुन्हा पुढे निघताना 'ठक' वाजलं तर दाते झिजले असण्याची शक्यता मोठी, आणि नवं चाक जुन्या हबवर बसवलं तर तेही लवकर जातं. दुसरी चूक जास्त जिवावरची. चाक धरणाऱ्या मधल्या एकाच नटचे डाव्या बाजूचे आटे उजवे आणि उजव्या बाजूचे डावे असतात. जोडणी करताना हब अदलाबदल झाले तर गाडी चालता चालता नट सुटतो.

पुढचं सस्पेन्शन किंगपिनचं आहे, म्हणजे चाक एका उभ्या पिनवर वळतं. दर पाच हजार किलोमीटरला सगळ्या निपलना (ग्रीस भरायच्या तोंडांना) ग्रीस मारा, नाहीतर स्टीअरिंग जड होतं. रॅकचं मूळ स्टीअरिंग हलकं आणि नेमकं आहे, घाटात वळताना चाक कुठे आहे ते हाताला कळतं. ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाच्या फेऱ्या कमी करणारा जादा गिअर) असेल तर जास्त पैसे द्या. तिसऱ्या-चौथ्यात बटण दाबताच सेकंदाभरात लागला पाहिजे. तो अडकलेला असताना रिव्हर्स टाकला तर आतला भाग मोडतो.

कापडी टप चांगला बसला तरी मुंबईच्या पावसात दाराच्या काचेच्या वरच्या कडेने पाणी येणारच. मागची प्लास्टिकची खिडकी थंडीत घडी केली की तडकते, ओली ठेवून गुंडाळली की धूसर होते.

भारतात आता ई20, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं, पेट्रोल आहे. जुने रबरी पाइप त्यात मऊ पडून झिरपतात, म्हणून इथेनॉलला टिकणारे पाइप टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत सगळे बदला. उभी ठेवायची तर टाकीत जुनं पेट्रोल महिनोन्महिने नको. 2021 च्या नियमाने पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये. मात्र चॅसी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा अशी अट आहे. ब्रिटिश मोटर हेरिटेजची नवी बॉडी शेल 1988 पासून मिळते आणि इंग्लंडमध्ये ती उत्तम तोडगा आहे. इथे मात्र मूळ शेल दुरुस्त केलेली गाडीच घ्या, आणि गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून मूळ रंग, इंजिन नंबर आणि बांधणीची तारीख सांगणारं प्रमाणपत्र मागवून ते गाडीवरच्या चॅसी नंबरच्या प्लेटशी ताडून पाहा.