पुण्यातलं खाजगी विद्यापीठ की कॅप राऊंड? सोलापूरहून पीजीला निघालेल्यांसाठी

यंदा जानेवारीत गड्ड्याची यात्रा ऐन रंगात आणि भाचीच्या मेलवर पुण्यातल्या एका खाजगी विद्यापीठाचं ऑफर लेटर येऊन पडलं, एमबीएला सीट मिळाली, पंधरा दिवसांत पहिला हप्ता भरा नाहीतर सीट पुढच्याला. इकडे सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, व्हायची, तिचं बीकॉमचं शेवटचं सेमिस्टर व्हायचं, सीईटीच्या मार्कांवर राज्याकडून जागा वाटणारे कॅप राऊंड तर पार पावसाळ्यात. ताईचा फोन, "काय करायचं गं, भरून टाकू का?" मी म्हटलं थांब जरा, आधी दोन्ही शेजारी शेजारी मांडून बघू की. ते बघताना जे हाती लागलं ते लिहितेय. माझा कल आधीच सांगून ठेवते, मी स्वतः सीईटी देऊन कॅपमधून शिकलेली आहे, तेव्हा तेवढं वजा करून वाचा.

पहिला गोंधळ 'प्रायव्हेट' ह्या शब्दाचा. आपण सगळं एकाच पोत्यात भरतो. एखाद्या संस्थेचं विनाअनुदानित कॉलेज, जे आपल्या अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाला किंवा पुणे विद्यापीठाला जोडलेलं आहे, ते प्रायव्हेट असलं तरी एमबीए-एमसीएला राज्याच्या सीईटी सेलच्या कॅपमध्येच येतंय, तिथं संस्थेच्या हातात २० टक्क्यांपर्यंत जागा असतात आणि बाकीच्या कॅपने भरतात (अल्पसंख्याक संस्थांचं गणित वेगळं), फीसुद्धा शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. खाजगी विद्यापीठ म्हणजे ज्याच्यासाठी राज्याच्या विधिमंडळाने वेगळा कायदा केला, जसं एमआयटी वर्ल्ड पीस किंवा विश्वकर्मा विद्यापीठ. आणि अभिमत म्हणजे केंद्राने यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायद्याच्या कलम ३ खाली दर्जा दिलेलं, जसं सिम्बायोसिस. ह्या दोघांचे प्रवेशाचे नियम, तारखा, डिग्री सगळं स्वतःचं. जिथं फॉर्म भरताय ते ह्यातलं नक्की कोणतं, हे यूजीसीच्या साईटवरच्या यादीत बघून घ्या, माहितीपत्रकावरच्या फोटोवर जाऊ नका.

आता परीक्षा. आपली एमबीए सीईटी २०० प्रश्नांची, १५० मिनिटं, निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळं शेवटच्या पाच मिनिटांत जे राहिलं ते डोळे झाकून ठोकायचं, आम्ही पण तेच केलं होतं. सिम्बायोसिसची स्नॅप डिसेंबरात होते, ६० मिनिटांत ६० प्रश्न आणि चुकलं की पाव मार्क कापला, म्हणजे तिथं हात आवरावा लागतो. दोन्हीचा अभ्यास एकच असं क्लासवाले सांगतात, सिलॅबस एक असेल पण सवय एक नाही. स्नॅपच्या फीशिवाय ज्या ज्या प्रोग्रामला जायचंय त्याची फी वेगळी, मग ग्रुप एक्सरसाइज, इंटरव्ह्यू, लेखी टास्क. बाकीची खाजगी विद्यापीठं बहुतेक कॅट, सीमॅट, सीईटी असला कुठलातरी स्कोअर चालवून घेतात किंवा स्वतःची ऑनलाइन टेस्ट घेतात. कॅपमध्ये इंटरव्ह्यू नाही. पर्सेंटाइल, कॅटेगरी आणि तुम्ही कॉलेजं कुठल्या क्रमाने टाकलीत, संपला विषय. तोंड उघडायला घाबरणाऱ्या पोरांना हे बरं वाटतं, आणि ज्याला मार्क कमी पण बोलण्यात पाणी आहे त्याला तिकडचं बरं.

मार्कांच्या अटीत एक खाच आहे. कॅपच्या एमबीएला ग्रॅज्युएशन ५० टक्के, महाराष्ट्रातल्या मागासवर्गीयांना आणि दिव्यांगांना ४५. सिम्बायोसिसला पण ५०, पण ४५ ची सवलत फक्त एससी-एसटीला. म्हणजे ओबीसीतलं पोरगं ४७ टक्क्यांवर असेल तर इकडे पात्र आणि तिकडे फॉर्मचे पैसे पाण्यात. हे कोणी फोनवर सांगत नाही, नियमावलीतच बघावं लागतं.

खरा फरक मला कागदांत दिसला. कॅप विचारतं, कागद आहे का? वय-राष्ट्रीयत्व-अधिवास, जातीचा दाखला, जात पडताळणी, पुढच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं नॉन क्रिमी लेयर, नाहीतर ईडब्ल्यूएस म्हणजे आर्थिक दुर्बलांचं प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला. ह्यातलं एक हुकलं तर कॅटेगरीतून ओपनमध्ये, कारण स्क्रुटिनीला बसलेल्या माणसाला तुमची गोष्ट ऐकायची नसते. पडताळणीचा अर्ज तर शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच टाका, मे महिन्यात सगळं सोलापूर तिथंच असतंय.

खाजगी विद्यापीठ विचारतं, तू कोण? स्टेटमेंट ऑफ पर्पज लिही, सीव्ही दे, दोन शिफारसपत्रं आण. आणि आपली पोरं इथंच अडकतात, कारण तीन वर्षं कॉलेजात कोणी त्यांना 'तुला हे का शिकायचंय' असं विचारलेलंच नसतं. भाचीने पहिला ड्राफ्ट आणला त्यात 'मला लहानपणापासून मॅनेजमेंटची आवड आहे' असं वाक्य. लहानपणी कोणाला मॅनेजमेंटची आवड असते बे! तिच्या बाबांचं चादरीचं दुकान आहे, गेल्या दिवाळीत तिने उधारीची वही एक्सेलमध्ये टाकली आणि कुठल्या गावचे व्यापारी नव्वद दिवसांच्या वर जातात ते काढून दाखवलं. मी म्हटलं हे लिही की. लिहिलं, आणि इंटरव्ह्यूत म्हणे त्याच्यावरच दहा मिनिटं गेली.

शिफारसपत्राची वेगळीच तऱ्हा. आपल्याकडची पद्धत म्हणजे सर म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." तिकडचं पोर्टल मात्र थेट सरांना लिंक पाठवतं, सरांनी स्वतः फॉर्म भरायचा, आणि ईमेल कॉलेजचाच पाहिजे, जीमेल चालत नाही. सरांचा कॉलेजचा ईमेल आहे, पण त्याचा पासवर्ड ऑफिसातल्या क्लार्ककडे आणि क्लार्क रजेवर. लिंक सात दिवसांत एक्स्पायर. भाची तीन वेळा जाऊन स्टाफरूमबाहेर उभी, "सर, झालं का?" "करायलोय की, ओटीपी येईना झालाय." शेवटी ओटीपी सरांच्या जुन्या नंबरवर जायलाय हे कळलं, तो नंबर मिसेसकडे, मग मॅडमना फोन लावून एकदाचं झालं. तेव्हा सरांना फॉर्म भरायच्या महिनाभर आधी गाठा, ईमेल कुठला हे विचारून घ्या, आणि तुमचा सीव्ही त्यांच्या हातात द्या, नाहीतर 'ही विद्यार्थिनी नियमित व होतकरू आहे' यापुढं काही लिहिलं जात नाही.

निकालाची भानगड दोन्हीकडे आहे. शेवटच्या वर्षाची पोरं दोन्हीकडे अर्ज करू शकतात, फक्त कॅपला अ‍ॅडमिशनच्या वेळी पास झाल्याची मार्कशीट लागते आणि खाजगीत प्रोव्हिजनल अ‍ॅडमिशन देऊन अमुक तारखेपर्यंत निकाल आणा म्हणतात. ती तारीख ऑफर लेटरमध्ये बारीक अक्षरात असते. शिवाय सोलापूर विद्यापीठातून बाहेर जायचं म्हणजे मायग्रेशन सर्टिफिकेट आलं, विद्यापीठाच्या ऑफिसात केगावला एक चक्कर धरूनच चाला. इथल्याच कॉलेजात राहिलात तर ते लागत नाही.

पैशाचं. जुलै २०२४ मध्ये सरकारने जीआर काढला, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, ओबीसी आणि एसईबीसी (मराठा आरक्षणाचा गट) मुलींना व्यावसायिक कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी १०० टक्के माफ. पण अट नीट वाचा, प्रवेश कॅपमधूनच पाहिजे, मॅनेजमेंट कोटा चालत नाही, आणि खाजगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्यातून वगळलेली आहेत. म्हणजे तीच मुलगी, तेच उत्पन्न, तेच मार्क, एका दारातून गेली तर ट्यूशन फी शून्य आणि दुसऱ्या दारातून गेली तर सगळी खिशातून. आमच्या ताईला हे माहितीच नव्हतं, तिला वाटलं महाडीबीटी, म्हणजे सरकारी फी माफी-स्कॉलरशिपचं पोर्टल, सगळीकडेच चालतं.

खाजगीवाले स्कॉलरशिप देतात, नाही असं नाही, पण ती बहुतेक मार्कांवर असते आणि पुढच्या वर्षी टिकवायला सीजीपीए राखावा लागतो. उत्पन्न बघून मदत करणारी कमी, बंगळुरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठ त्यातलं एक, पण तिथं एमबीए नाही, शिक्षण, डेव्हलपमेंट असले विषय. एज्युकेशन लोनला साडेसात लाखांपर्यंत साधारणपणे तारण लागत नाही, त्याच्यावर गेलं की घराचे कागद निघतात. दोन वर्षांची हॉस्टेल-मेस हिशोबात धरा, पुणं अडीचशे किलोमीटरच आहे आणि हुतात्मा एक्सप्रेस आहे हे खरं, पण रोज काय शेंगा चटणी-भाकरी पाठवता येत नाही.

आता तो पहिला हप्ता. यूजीसीने २०२४-२५ साठी सांगितलं होतं की ३० सप्टेंबरपर्यंत अ‍ॅडमिशन रद्द केली तर पूर्ण फी परत, ३१ ऑक्टोबरपर्यंत फार तर १००० रुपये कापायचे. तुमच्या वर्षाचं परिपत्रक काढून बघा. मूळ मार्कशीटसुद्धा कॉलेजला अडकवून ठेवता येत नाही, २०१८ पासूनचा नियम आहे. पण नियम असणं आणि पैसे खात्यावर येणं ह्यात बरंच अंतर, आमच्या शेजारच्या पोराला एका ठिकाणी मेलवर मेल टाकून चार महिने लागले. कॅपमध्ये सीट अ‍ॅक्सेप्टन्सचे १००० रुपये भरून पुढच्या राऊंडची वाट बघता येते, फक्त पहिल्या पसंतीचं कॉलेज पहिल्याच राऊंडला लागलं की ते ऑटोफ्रीज, म्हणजे तेच पक्कं आणि पुढचे राऊंड बंद, म्हणून उगं कोणीतरी सांगितलं म्हणून एक नंबरला काहीतरी टाकू नका.

माझ्या मते आठ लाखांच्या आतली ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलगी असेल आणि एमबीए-एमसीएच करायचं असेल तर आधी कॅप, खाजगीचा फॉर्म फार तर आधाराला. ओपनमधला मुलगा, पर्सेंटाइल मधलंच, घरी पैशाची फार ओढ नाही, त्याने खाजगीचं चांगलं ऑफर सोडू नये, कारण कॅपमध्ये त्याला पण भरपूर फीच बसणार आहे. आणि विषयच असा असेल की जो आसपासच्या कुठल्या कॉलेजात नीट शिकवतच नाहीत, तर मग तुलना कसली, जा सरळ.

भाचीचं म्हणाल तर आम्ही हप्ता भरला नाही, प्रवेश विभागाला साधा मेल टाकला की मुदत वाढवून द्या. दिली, महिनाभर. मागून बघायला काय जातंय. मग ताई उत्साहात नॉन क्रिमी लेयर काढायला सेतूत गेली तर तिथल्या माणसाने कागद बघून परत दिले, "मॅडम, आत्ता काढलं तर ३१ मार्चला संपतंय, एप्रिलात या."