फौजीच्या लेकरांची पेन्शन आणि 50 हजारांचा खोटा दाखला

प्रकरण औसा तालुक्यातल्या एका घराचं आहे. फाईल अजून चालू असल्यानं नावं गाळली आहेत. मुलगा फौजेत नोकरीवर असताना आजारानं गेला आणि फॅमिली पेन्शन सुनेला लागली. काही वर्षांनी सूनही गेली. मागे उरले आजोबा, 11 वर्षांची नात आणि बाप गेल्यावर तीन महिन्यांनी जन्मलेला नातू. पेन्शन बंद झाली. तालुक्याला 'माजी सैनिक मार्गदर्शन' अशी पाटी लावून बसलेल्या एकानं आजोबांना सांगितलं, "मामा, लेकरांची नावं फौजेत लागलेलीच नाहीत. कोर्टाचा वारस दाखला लागतो. आन् बापामाघारी जन्मलेलं पोरगं तर ते धरतच नाहीत. माझ्यावर सोडा, दोघांची वेगवेगळी पेन्शन काढून देतो."

यातलं एकही वाक्य पूर्ण खरं नव्हतं.

फॅमिली पेन्शन ही मयताची मालमत्ता नसते. ती नियमानं ठरलेल्या कुटुंबीयांना थेट मिळते, त्यामुळे तिच्यासाठी कोर्टाचं वारसा प्रमाणपत्र लागत नाही. नॉमिनी नसलेल्या थकबाकीसारख्या रकमेला ते मागितलं जाऊ शकतं, ती गोष्ट वेगळी. तलाठ्याकडची वारस नोंद तर सातबाऱ्यापुरती.

नावांचं म्हणाल तर, लग्न झालं किंवा मूल झालं की जवान युनिटात कळवतो आणि तशी पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोंदीचा आदेश, निघते. नातीची निघालेली होती. जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला आर्मी नंबर घालून 'कुटुंबाच्या नोंदी काय आहेत' एवढं विचारणारं एक पत्र स्पीड पोस्टानं गेलं असतं, तर हे कळलं असतं. मराठा लाईट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशातल्या सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला. आपलं कोणतं, ते पीपीओवरच्या, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावरच्या, रेजिमेंटवरून कळतं.

नातवाची नोंद मात्र खरंच नव्हती. बापच नाही म्हटल्यावर युनिटात कळवणार कोण? पण हक्क त्यालाही आहे. लग्न कायम असताना, किंवा ते संपल्यापासून 280 दिवसांच्या आत आणि आईनं दुसरं लग्न केलेलं नसताना जन्मलेलं मूल कायदा त्याच नवऱ्याचं मानतो. पूर्वी ही तरतूद पुरावा कायद्याच्या कलम 112 मध्ये होती, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 116 मध्ये आहे. लग्नाची नोंद, बापाचा मृत्यू दाखला आणि पोराचा जन्म दाखला या तीन कागदांवरच्या तारखा शेजारी ठेवल्या की नातं उभं राहतं.

दोघांना वेगवेगळी पेन्शन हेही थापच. पेन्शन एका वेळी एकाच मुलाला, जन्माच्या क्रमानं मिळते. जुळे असतील तरच वाटून. आधी नातीला मिळेल. ती 25 वर्षांची होईपर्यंत, लग्न होईपर्यंत किंवा कमावती होईपर्यंत, यातलं जे आधी घडेल तोवर. मग नातवाची पाळी.

आता मुख्य घोळ. आपल्याकडं बाळंतपण माहेरी होतं आणि जन्माची नोंद जिथं जन्म झाला तिथंच होते. दोन्ही लेकरं केज तालुक्यातल्या ग्रामीण रुग्णालयात जन्मलेली, नोंदी तिथं. सासरच्या ग्रामपंचायतीत शोधलं तर सापडणार कुठून? 'नोंद नाही' म्हणत त्या माणसानं दोघांच्या नावे सासरच्या गावचे जन्म दाखले 'बनवून आणले' आणि त्याचे 50 हजार घेतले. दाखल्यावर क्यूआर कोडसुद्धा होता. स्कॅन केल्यावर खऱ्यासारखंच पान उघडायचं, पण पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' नव्हतं. नुसता कोड उघडला म्हणून भागत नाही, पत्ता वाचावा लागतो.

रेकॉर्ड ऑफिसनं फाईल परत पाठवली, कारण नातीच्या पार्ट टू ऑर्डरमध्ये जन्मठिकाण केज होतं. म्हणजे फौजेच्या कागदानंच नातं सिद्ध होत होतं, आणि विकत घेतलेल्या दाखल्यानं तेच संशयात आलं. बनावट दाखला वापरणं हा गुन्हा आहे, आणि अर्जावर अंगठा आजोबांचा.

त्या पाटीवाल्याची नजर मुळात थकबाकीवर होती. किमान फॅमिली पेन्शन महिना 9,000, वर महागाई भत्ता. 20 महिने तुंबले तर मूळ रक्कमच 1,80,000 होते. त्यातला तिसरा हिस्सा त्याला द्यायचा, असं बाँडवर लिहून घेतलं होतं. पेन्शन कायदा 1871 च्या कलम 12 प्रमाणे पुढं मिळणाऱ्या पेन्शनवर असा करार होतच नाही, तो रद्दबातल आहे. आजोबा त्या बाँडला भिऊन गप्प होते. खरं तर तो कागद फसवणुकीचा पुरावा आहे, फाडू नये. शिवाय फौजेच्या पेन्शनच्या 'स्पर्श' पोर्टलवर मोबाईल नंबर त्याचाच, म्हणजे ओटीपी त्याच्याकडं. पासबुक आणि एटीएम कार्डही त्याच्याच कपाटात.

असं झालं असेल तर आधी बँकेत जाऊन कार्ड बंद करा, स्पर्शवरचा नंबर बदलून घ्या. मग पोलिसात लेखी तक्रार द्या आणि तिची पोच रेकॉर्ड ऑफिसला पाठवून 'तो दाखला मागे घेतो' असं स्वतःहून कळवा. पैसे ऑनलाईन गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर लगेच फोन करा, उशिरानं हाती काही लागत नाही.

खरी वाट जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून जाते आणि तिथं मार्गदर्शनाला पैसे पडत नाहीत. न्यायचे कागद असे: पीपीओ, आई-बाप दोघांचे मृत्यू दाखले, लेकरांचे जन्म दाखले, शाळेचं बोनाफाईड, आधार, फोटो, पासबुक. आई हयात नसल्यानं आजोबांना जिल्हा न्यायालयातून पालकत्वाचा आदेशही लागेल. वकिलाचा खर्च खरा आहे तो इथं, वारस दाखल्यावर नाही. सैनिक कार्यालयातून फाईल रेकॉर्ड ऑफिसला आणि पुढं प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयाकडं जाते.

केजच्या नोंदवहीत नातवाचं पान निघालं, पण नावाचा रकाना कोरा होता. जन्मापासून 15 वर्षांच्या आत विलंब शुल्क भरून नाव घालता येतं. मुळात नोंदच नसती, तर 2023 च्या दुरुस्तीप्रमाणं जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागला असता. राहिली नावांची कटकट. आजोबांच्या नावात फौजेत आणि आधारवर एका अक्षराचा फरक. सुनेचं नाव लग्नात बदललेलं, आणि लेकरांच्या जन्म दाखल्यावर मात्र माहेरचं. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र त्यासाठी जोडलंय. सोबत तिचा शाळेचा निर्गम उताराही, कारण माहेरचं नाव आणि जन्मतारीख एकत्र दाखवणारा तेवढाच कागद घरात होता.