नाव कोरलेलं एक पदक, की बिननावाचा पूर्ण सेट?

लष्करात काम केलेल्या स्त्रियांची पदकं जमवायची असं मनात घेतलं, की लगेच रस्त्याला फाटा फुटतो: पहिलं महायुद्ध की दुसरं? दोन्ही एकदम करू म्हणाल तर खिसा रिकामा होतो आणि हाती धड काहीच लागत नाही. माझ्या कपाटात दोन्हीकडचं थोडं थोडं आहे. त्यामुळे पुढे जे लिहितोय ते अगदी तटस्थ आहे असा माझा दावा नाही.

दुसऱ्या महायुद्धाची बाजू आधी मांडतो, कारण तिच्यात खोट काढायला मला नंतर भरपूर जागा लागणार आहे. हे सेट, म्हणजे एकाच व्यक्तीला मिळालेली सगळी पदकं एकत्र, स्वस्त पडतात, फिती बऱ्याचदा मूळच्या असतात, आणि काळ जवळचा असल्याने घरचं माणूस बोलायला मिळण्याची शक्यता असते. आपल्याकडच्या माणसाला विमेन्स ऑक्झिलरी कोअर (इंडिया), म्हणजे १९४२ साली इथे उभ्या राहिलेल्या स्त्रियांच्या साहाय्यक सैन्यदलाचं विशेष वाटणार, हेही ओघानेच आलं. एक इशारा मात्र देऊन ठेवतो. इंडिया सर्व्हिस मेडलसाठी सप्टेंबर १९३९ ते सप्टेंबर १९४५ या मुदतीत तीन वर्षांची सेवा लागत असे. दलच मुळात १९४२ चं, तेव्हा त्या वर्षीच्या सप्टेंबरनंतर भरती झालेल्या बाईच्या खात्यात तेवढी वर्षं भरतच नाहीत. या दलाचा म्हणून सांगितलेल्या सेटमध्ये ते पदक दिसलं, तर भरतीची तारीख विचारा. विक्रेत्याला राग आला तर येऊ द्या.

आता खोट. दुसऱ्या महायुद्धाची ब्रिटिश पदकं नावाविनाच वाटली गेली. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेने आपापल्या लोकांची नावं कोरली, भारतीयांच्या काही पदकांवरही नाव सापडतं. पण बाजारात ए.टी.एस. (ब्रिटिश भूदलाची स्त्री-शाखा) किंवा डब्ल्यू.ए.ए.एफ.चे (हवाईदलाची स्त्री-शाखा) म्हणून जे सेट येतात त्यांतल्या पदकांची कड कोरी असते. मग ही पदकं बाईचीच कशावरून? पुठ्ठ्याच्या डबीवरून. डबीतल्या छापील चिठ्ठीत सन्मानपूर्वक पाठवत असल्याचा मजकूर असतो, नाव नसतं. नाव असतं ते फक्त डबीवरच्या पत्त्यात, आणि डबी बदलायला कितीसा वेळ लागतो? त्यात पदकं युद्धानंतर अर्ज करून मागवायची होती. तोवर लग्न झालेलं असेल तर पत्त्यावर सासरचं नाव आणि सैन्याच्या दफ्तरात माहेरचं.

मी कशाला वैतागलो ते सांगतो. एका सेटसोबत गणवेशातल्या तरुणीचा फोटो होता. डोळे जरा बारीक केलेले, टोपी तिरकी. सेट मला आवडला होता. पुढे दुसऱ्याच विक्रेत्याकडे, वेगळ्या पदकांसोबत, हीच मुलगी हजर! तीच टोपी, फोटोचा तोच दुमडलेला कोपरा. कदाचित कुणी प्रामाणिकपणे एकाचे दोन केले असतील, घरातल्या वाटणीत असं होतंही. पण त्यानंतर कोरी कड पाहिली की माझं मनच लागत नाही. तपासून बघू म्हणावं, तर जुन्या सेवा-नोंदी मागायला आधी नाव, जन्मतारीख, जमल्यास सेवा क्रमांक हवा. म्हणजे जे शोधायचंय तेच आधी हाताशी पाहिजे.

पहिल्या महायुद्धात ही कटकट नाही. ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडलच्या कडेवर ठशाने नाव उठवलेलं असतं, सोबत हुद्दा किंवा दल: सिस्टर, स्टाफ नर्स, व्ही.ए.डी. (रुग्णसेवेतलं स्वयंसेवकांचं दल). तिथून पुढे कागद भराभर निघतात. लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात स्त्रियांची पदक-कार्डं डब्ल्यू.ओ. ३७२/२३ या गठ्ठ्यात आहेत, लष्करी परिचारिकांच्या फायली डब्ल्यू.ओ. ३९९ मध्ये. व्ही.ए.डी. स्वयंसेविकांची कार्डं ब्रिटिश रेड क्रॉसने फुकट खुली केली आहेत. कधी रुजू झाली, कुठे होती, कधीकधी तर किती तास काम केलं तेही त्यावर असतं. तोटाही सांगायला हवा. परिचारिकांच्या पदकावर सैनिकासारखा क्रमांक नसतो. ‘एम. जोन्स, व्ही.ए.डी.’ एवढंच असेल तर अशा जोन्सबाई ढिगाने सापडतील. चमत्कारिक आडनाव दिसलं की थोडे जास्त पैसे मोजा.

इथे बरेच जण रॉयल रेड क्रॉस या सन्मानपदकाच्या मोहात पडतात. १८८३ साली व्हिक्टोरिया राणीने सुरू केलेला, फक्त परिचारिकांसाठीचा, दिसायला फारच देखणा. पण त्यावरही नाव नाही. नाव कोरलेल्या इतर पदकांसोबत आला तर जरूर घ्या, सुटा असेल तर दागिना समजून घ्या.

माझा कल कुठे ते एव्हाना कळलंच असेल, पण त्यातही एक कोपरा मला अधिक प्रिय आहे: १९१६ पासून हिंदुस्थानात आलेल्या ऑस्ट्रेलियन परिचारिका. पाचशेहून अधिक जणी होत्या त्या. मुंबईचं व्हिक्टोरिया वॉर हॉस्पिटल, पुण्याचं डेक्कन वॉर हॉस्पिटल इथे त्यांनी मेसोपोटेमियातून (आजच्या इराकमधून) आणलेले रुग्ण सांभाळले. एमी व्हेडा ओ'ग्रेडी आणि कॅथलीन पॉवर या दोघी ऑगस्ट १९१६ मध्ये मुंबईतच कॉलऱ्याने गेल्या. पुण्यातल्यांनी खडकीच्या युद्धस्मारकावर त्यांची नावं शोधावीत. या परिचारिकांच्या सेवा-फायली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने घरबसल्या, विनामूल्य वाचायला ठेवल्या आहेत. पदक पोचल्याची नोंदही त्यात बऱ्याचदा मिळते.

शिवाय एक बारकावा आहे, जो डीलरलाही कधीकधी ठाऊक नसतो. व्हिक्टरी मेडलसाठी प्रत्यक्ष रणक्षेत्रात पाऊल पडावं लागे. जी फक्त मुंबई-पुण्यात राबली तिला एकटं चांदीचं वॉर मेडल मिळालं. जी रुग्णजहाजावरून मेसोपोटेमियातल्या बसऱ्याला जाऊन आली तिला दोन्ही. म्हणजे बाजारात ‘जोडी तुटलेली’ म्हणून भाव पाडून ठेवलेलं पदक मुळात पूर्णच असू शकतं. फाईल वाचा, मग ठरवा. अशी पदकं मुळात कमी, त्यातून १९८० च्या सुमारास चांदी भडकली तेव्हा ब्रिटिश वॉर मेडलं पोत्यांनी वितळवली गेली.

तरीही घरात आजीची डबी असेल, तिच्या गोष्टी सांगणारं कुणी असेल, तर दुसरं महायुद्धच धरा; नाव शोधायचा प्रश्नच मिटला. विकत घेऊन सुरुवात करणार असाल तर मात्र माझं मत पहिल्याला. एक अडचण लक्षात असू द्या: शंभर वर्षं झालेली अशी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरू शकते, आणि पुरावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. उद्या विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक इथलंच शोधावं लागेल. घेताना कडेवर बोट फिरवा, आणि व्हर्नियरने (बारीक मापं घेणाऱ्या पट्टीने) व्यास दोन-तीन ठिकाणी मोजा. जुनं नाव घासून नवं कोरलं असेल तर तिथे कड किंचित बसलेली असते.