भातावर झिंकचा फवारा: साधं सल्फेट घ्यावं की चिलेटेड?

कोंडाईबारीचा घाट उतरला की कापसाचा खान्देश मागे पडतो आणि विसरवाडी-नवापूरकडे भाताची खाचरं लागतात, आमचं दीड एकर तिकडेच. लावणीला तीनेक आठवडे झाले, रोप जागेवरच बसलंय, जुन्या पानांवर गंजासारखे डाग आलेत, तर ते बहुतेक झिंक म्हणजे जस्त कमी पडल्याचं दुखणं. मी पहिल्या वर्षी नत्र कमी पडलं समजून वरून युरियाच फेकत बसलो होतो, असो.

स्वस्ताई बघितली तर झिंक सल्फेटच, त्यात वाद नाही. पंधरा लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम, पण नुसतं मारलं तर पान भाजतं म्हणून निम्मा विरलेला चुना लागतो. आणि माझं घोडं तिथंच अडलं. रात्री बादलीत चुना भिजवा, सकाळी निवळी काढा, जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळा, एवढं करून तिसऱ्या पंपाला नोझल तुंबलंच. नडगीभर चिखलातून बांधावर या, पंप उतरवा, चिखलाच्या हातांनी नोझल खोला, काडी घाला... तोंडाने फुंकू नये हे माहीत असून फुंकलं आणि जिभेवर चुना. तोवर आभाळ भरून आलं, अर्धं खाचर तसंच राहिलं. दुकानदाराने नाही, मीच मला चुना लावून घेतला.

चुन्याऐवजी २ टक्के युरिया म्हणजे पंपाला ३०० ग्रॅम चालतो, नोझलही तुंबत नाही. पण ज्याने आधीच युरिया जास्त टाकलाय (म्हणजे मी) त्याने परत नत्र दिलं की करप्याला आवतणच.

चिलेटेड म्हणजे ईडीटीए नावाच्या रसायनात बांधलेलं झिंक, पाकिटावर ईडीटीए १२ टक्के लिहिलेलं बघून घ्यायचं, ते पंपाला १५ ग्रॅम पुरतं, विरघळलं की काम झालं. किलोचा भाव ऐकून छाती दडपते, म्हणून हिशोब पंपामागे करा, तरी थोडं महागच पडेल हे कबूल. दुसरं म्हणजे ००:५२:३४ (स्फुरद-पालाशचं विद्राव्य खत) सोबत मारायचं असेल तर सल्फेट पंपात फाटतं, चिलेटेड माझ्याकडे तरी फाटलं नाही, पण आधी बाटलीत थोडं कालवून बघा.

मी अर्ध्यात हे अर्ध्यात ते मारून बघितलं, दोन्हीकडे आठ-दहा दिवसांत नवं पान हिरवं आलं आणि खळ्यावर पोत्यांत सांगण्यासारखा फरक नव्हता. त्यामुळे क्षेत्र मोठं असेल, घरचं माणूस हाताशी असेल तर सल्फेट वाईट नाही भाऊ. एकट्याने फवारायचं, वर नवापूरचा पाऊस, तर मी आपला चिलेटेडवाला.

घरात उरलेलं सल्फेट यंदा चिखलणीत टाकलं, एकरी १० किलोने, फक्त सुपर फॉस्फेटमध्ये कालवलं नाही, स्फुरदासोबत झिंक अडकून बसतं म्हणून.