आठ महिने, बावीस मास्क आणि नगर रोडची धूळ

ऑफिसला पोचून नाक शिंकरलं की रुमालावर काळं यायचं, तिथून हे सगळं सुरू झालं. म्हणजे मी स्कार्फ बांधत नव्हते असं नाही हां, बारा वर्षं पुण्यात गाडी चालवतेय, स्कार्फशिवाय गाडी काढायची म्हणजे अनवाणी निघाल्यासारखं वाटतं. डोळे सोडून सगळं गुंडाळलेलं आणि तरी नाकात काळं. वाघोली ते येरवडा, जाऊन-येऊन दीड तास, नगर रोड ज्यांना माहितीये त्यांना पुढचं सांगायला नकोच, क्रशरची खडी-क्रशसँड भरलेले डंपर ज्यांची ताडपत्री कायम अर्धी उडालेली असते, सिमेंटचे मिक्सर, खराडी बायपासच्या सिग्नलला कुठल्यातरी बसच्या सायलेन्सरसमोर नेमकी आपलीच गाडी.

दसऱ्याच्या सुमारास खोकला सुरू झाला तो जाईचना. आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, धुळीची ॲलर्जी दिसतेय, स्कार्फने ऊन अडतं, ही धूळ नाही, एन-९५ मास्क लावा. तेव्हापासून आता जूनपर्यंत बावीस मास्क वापरून झाले. त्यात बरेचसे कामाचे निघाले, तीन-चार अगदीच टाकाऊ निघाले, एक सासूबाईंनी धुतला (त्यावर पुढे येते). कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाहीये, कारण माझ्या मते कंपनीपेक्षा मास्क तोंडावर कसा बसतो यावरच सगळं अवलंबून आहे, आणि तुमचं तोंड माझ्यासारखं नाही.

आधी स्कार्फचं. ज्या धुळीबद्दल एवढी ओरड असते ती पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड. सुती स्कार्फ उजेडात धरून बघा, विणीतली भोकं नुसत्या डोळ्यांनी दिसतात, त्या भोकातून हे कण म्हणजे मांडवातून मुंगी. डोळ्याला दिसणारी धूळ, खडीची पूड, कचकच अडते, ते खरंय. पण ते जाड कण बरेचसे तसेही नाकात-घशात अडकतात, फुप्फुसात खोलवर जातात ते बारीक, आणि त्यांना स्कार्फ काय, ओढणी काय, हातरुमाल काय, सगळं सारखंच.

मग मास्कमध्ये असं काय असतं? मला वाटायचं नुसती बारीक चाळणी. तसं नाहीये. मधला थर असतो तो पॉलिप्रॉपिलीनच्या अतिबारीक धाग्यांचा, आणि त्या धाग्यांवर कारखान्यातच स्थिर विद्युतभार बसवलेला असतो. लहानपणी कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलायचो ना, तेच. धाग्यांमधली फट कणापेक्षा मोठी असली तरी कण जाता जाता ओढला जातो आणि चिकटतो, म्हणूनच एवढे कण अडवूनही श्वास घेता येतो. एन-९५ हे अमेरिकेच्या निऑश संस्थेचं माप, मिनिटाला ८५ लिटर हवा खेचून ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे मिठाचे कण किमान ९५ टक्के अडले पाहिजेत. ०.३ च का, तर मोठा कण सरळ धाग्यावर आपटतो, अगदी बारीक कण भिरभिरत कुठेतरी लागतो, मधल्या मापाचा सगळ्यात जास्त निसटतो, म्हणून परीक्षा त्याच्यावर. युरोपचा एफएफपी२ म्हणजे ९४ टक्के, आपल्याकडे आयएस ९४७३ या भारतीय मानकातही एफएफपी१, २, ३ अशाच पायऱ्या आहेत. बसल्या जागी आपण मिनिटाला ८५ लिटर हवा घेतच नाही, त्यामुळे कापडापुरतं म्हणाल तर मास्क छापलेल्या आकड्यापेक्षा चांगलाच निघतो.

कापडापुरतं.

कारण माझा पहिला मास्क होता कानात अडकवायचा, काळा, दिसायला मस्त, मेडिकलमधून पाचाचं पाकीट. चार दिवसांनी कचऱ्यात टाकताना सहज उलटा करून बघितला तर आतून सगळा पांढरा आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना मात्र करड्या रेघा, जशी दाराच्या फटीखालून धूळ येऊन फरशीवर रेघ पडते तशी. म्हणजे चार दिवस नगर रोडची हवा माझ्या नाकाशेजारून फुकट आत येत होती! हा माझा या आठ महिन्यांतला सगळ्यात उपयोगी शोध, आणि याला एक रुपया लागत नाही. तुमचा वापरलेला मास्क टाकायच्या आधी आतून बघा. बाहेरून काळा आणि आतून सगळीकडे स्वच्छ, तर बसतोय. कडेला रेघ असेल तर तिथून गळतोय.

मग हिशोब करत बसले. समजा शंभर भाग हवा आत घेतली, त्यातली वीस फटीतून आली. उरलेली ऐंशी फिल्टरमधून, तिथे ५ टक्के सुटलं म्हणजे ४. एकूण धूळ आली २४. आता तोच मास्क ९९ टक्केवाला घेतला, फट तेवढीच, तर २० अधिक ०.८, म्हणजे साधारण २१. दुप्पट पैसे मोजून २४ चे २१ झाले. आणि जुनाच ९५ वाला नीट बसवून फट वीसवरून पाचवर आणली तर ५ अधिक पावणेपाच, दहाच्या आत! त्या दिवसापासून मी पाकिटावरचे टक्के बघायचं बंद केलं. बीजिंगमध्ये ग्राहकांना मिळणाऱ्या ९ मास्कचं कापड आणि त्यातले ४ मास्क माणसांच्या तोंडावर लावून तपासल्याचा एक अभ्यास २०१८ मध्ये आला होता, त्यात शांत बसलेल्या माणसांच्या मास्कमध्ये काजळीचे कण सरासरी कमीत कमी ३ टक्के तर जास्तीत जास्त ६८ टक्के शिरले होते. ६८! आणि त्यातले निम्म्याहून जास्त कण कापडातून नव्हे तर कडेनेच आले असणार, कारण त्या नऊही मास्कचं नुसतं कापड तपासलं तेव्हा सगळ्यात वाईट निघालेल्यातूनही २९ टक्केच पार गेले होते.

मग मी कानाचे पट्टे सोडून डोक्यामागून दोन पट्टे येणारा घेतला. एक पट्टा डोक्याच्या वरच्या भागावर, एक मानेवर कानाखालून. कान दुखत नाहीत हा बोनस, पण मुख्य म्हणजे तो चारी बाजूंनी सारखा ओढून धरतो. नाकावरची पत्र्याची पट्टी एका हाताने चिमटीत दाबायची नाही, मधे टोक येतं आणि बाजूला दोन बोगदे तयार होतात, दोन्ही हातांच्या बोटांनी मधून कडेकडे दाबत न्यायची. मग तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडायचा, डोळ्यांकडे वारा लागला तर परत. पहिला आठवडा मला पाच मिनिटं लागायची, नवरा लिफ्टचं दार धरून उभा आणि मी आरशासमोर फुंकतेय. आता दहा सेकंद.

चष्मेवाल्यांसाठी: काचेवर वाफ धरली की समजा वरून गळतोय, चष्मा हाच तुमचा सेन्सर. हेल्मेटचं मात्र दुखणं खरंय. फुल फेस हेल्मेट घालताना गालाच्या गाद्या मास्कला खाली ओढतात आणि आत्ताच बसवलेली नाकाची पट्टी हलते, त्यामुळे हेल्मेट घातल्यावर काच वर करून बोट आत घालून परत एकदा दाबावी लागते. पुढे चोचीसारखा आलेला कपवाला मास्क माझ्या हेल्मेटमध्ये आपटायचा, मधे आडवी घडी पडणारा चपटा मास्क बसतो. आणि स्कार्फ? तो अजून आहे, मास्कच्या वरून, केसांसाठी. आधी मास्क, मग स्कार्फ, मग हेल्मेट, एप्रिलमध्ये मी काय दिसत असेन ते देवालाच ठाऊक.

व्हॉल्व्हवाला, म्हणजे पुढे श्वास सोडायची झडप असलेला मास्क घ्यावा की नाही हे मला बऱ्याच जणींनी विचारलं. कोविडच्या वेळी २०२० मध्ये केंद्राने व्हॉल्व्हवाले एन-९५ वापरू नका असं राज्यांना कळवलं होतं, त्यामुळे लोकांच्या डोक्यात व्हॉल्व्ह म्हणजे वाईट असं बसलंय. पण ते दुसऱ्यांना लागण होऊ नये म्हणून, कारण आपण सोडलेला श्वास न गाळता बाहेर जातो. धुळीसाठी काही फरक पडत नाही, श्वास आत घेताना ती झडप बंदच असते. उन्हाळ्यात हेल्मेटच्या आत व्हॉल्व्हवाला आणि बिनव्हॉल्व्हचा यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, मार्चपासून मी फक्त तोच वापरला.

आता सासूबाईंचा किस्सा. त्यांना माझे मळके मास्क बघवेनात, एक दिवस साबणाच्या पाण्यात भिजवून, खळबळून, दोरीवर वाळत घातला, दिसायला नव्यासारखा. मी काही बोलले नाही, पण तो वापरलाही नाही. साबण काय, सॅनिटायझर काय, धाग्यांवरचा तो भार उतरवतात आणि मग उरतं नुसतं विरळ कापड, वरून काहीच कळत नाही, म्हणूनच जास्त वाईट. माझ्याकडे तेव्हा ऑफिसमधल्या मित्राचा छोटा धुळीचा सेन्सर होता. बेडरूममध्ये उदबत्ती लावून त्याच्या पंख्याच्या तोंडावर एकेक कापड धरत गेले. नवीन मास्क धरला की आकडा शेकड्यांवरून खाली एक-दोन आकड्यांवर यायचा, स्कार्फची दुहेरी घडी धरली तर जरासा हलायचा आणि परत वर. धुतलेला मास्क या दोघांच्या मधे कुठेतरी अडकला. ही काही प्रयोगशाळा नाही, त्या चिमुकल्या पंख्याची हवा म्हणजे काय, पण सासूबाईंना दाखवायला पुरेसं होतं. त्या म्हणाल्या, मग ती उदबत्तीच बंद कर ना. बरोबरच होतं त्यांचं. सेन्सर स्वयंपाकघरात नेला तर मिरचीच्या फोडणीला त्याने नगर रोडला मागे टाकलं. मास्क दिवसातले दीड तास राखतो, बाकीचे साडेबावीस तास आपण कुठल्या हवेत असतो ते त्याच्या हातात नाही.

अजून एक तक्रार सगळ्यांची: वास तर येतोच, मग मास्कचा काय उपयोग? डिझेलचा वास येणारच. वास म्हणजे वायू, हा फिल्टर कणांचा आहे. नायट्रोजन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन आरपार जातात. काही मास्कमध्ये कोळशाचा पातळ थर असतो, वास थोडा कमी होतो एवढंच, त्याच्या भरवशावर राहू नका. मला तर उलटी सवय लागलीये, वास आला आणि आतून मास्क स्वच्छ निघाला की बरं वाटतं.

किती दिवस टिकतो: माझा हिशोब आठ-नऊ दिवस, म्हणजे बारा-तेरा तासांचा वापर. फिल्टरच्या आधी पट्ट्याचं इलास्टिक सैल होतं, आणि सैल मास्क म्हणजे परत फट. श्वास जड वाटायला लागला, ओला झाला, किंवा नाकाची पट्टी मोडली की टाकायचा. मी तीन मास्क आलटून पालटून कागदी पाकिटात ठेवते, डिकीत कोंबत नाही, पेट्रोलच्या वासाने नको होतं. एकूण खर्च महिन्याला दोनशेच्या आसपास.

खोट्या मालाबद्दल एक. मी ऑनलाइन मागवलेल्या एका पाकिटावर एन-९५ छापलेलं होतं, बाकी नंबर नाही काही नाही, पट्टी तर दुसऱ्या दिवशी हातात आली. निऑशवाल्यांनी नकली ओळखायची एक खूण सांगितलीये, एन-९५ म्हणून कानाचे पट्टे असलेला विकत असतील तर सावध. आपल्याकडचा असेल तर आयएसआयचा शिक्का आणि सीएम/एल ने सुरू होणारा नंबर बघा, बीआयएस केअर या भारतीय मानक ब्युरोच्या ॲपमध्ये टाकला की लायसन्स खरं आहे का कळतं.

दिराने माझं बघून मास्क घेतला, त्याची भरघोस दाढी, आतून बघितला तर सगळीकडे करडं. दाढीवर बसतच नाही, त्याला सांगितलं तर म्हणाला मास्क बदलतो, दाढी नाही. मुलीसाठी शोधला, पण निऑशची मान्यता मोठ्यांच्याच मास्कला असते, लहान मुलांचे म्हणून जे विकतात ते तिच्या हनुवटीखाली एवढे सैल की सोडून दिलं. तिला सकाळच्या थंडीत, हवा खाली साचलेली असते तेव्हा, पुढे उभं करून नेणं बंद केलं, स्कूलबस लावली.

खोकला? डिसेंबरपर्यंत निम्मा झाला, नाकातलं काळं तर पहिल्याच आठवड्यात गेलं. पण त्याच काळात उदबत्ती बंद झाली, झाडू मारताना मी खोलीबाहेर जायला लागले आणि डॉक्टरीणबाईंचा पंपही चालू होता, त्यामुळे श्रेय कुणाचं किती हे मी सांगू शकत नाही. दम्याचा जुना त्रास असेल, मास्कमध्ये श्वास कमी पडत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, गाडीवर चक्कर आली तर धुळीचं राहू दे बाजूला.

आता पावसाने धूळ बसलीये आणि मास्क भिजतो, भिजलेल्या मास्कमधून श्वास घेता येत नाही, त्यामुळे मास्क डब्यात गेलेत. पाच शिल्लक आहेत. दिवाळीच्या आधी परत मागवायचे, या वेळी सगळे डोक्यामागच्या पट्ट्यांचे, आणि एक सासूबाईंसाठी, त्यांना माळ्यावरची भांडी काढायचीयेत.